टायरचं रबर घासून काढायचं नसतं, भिजवून काढायचं असतं

निपाणीहून एकांनी विचारलंय. पांढरी पोलो गाडी, टर्बो पेट्रोल, पुढची चाकं ओढणारी. गेल्या मोसमात लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर ड्रॅगला, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीला, घेऊन गेले होते. घरी येऊन बघतात तर पुढच्या दोन्ही दारांच्या खालच्या भागावर आणि फेंडरच्या (पुढच्या चाकावरचा पत्रा) मागच्या कडेला काळे ठिपके, हाताला खरखरीत. शाम्पूने गेले नाहीत म्हणून पेट्रोलमध्ये फडकं भिजवून घासलं. ठिपके गेले, खरं त्याबरोबर तिथली चमकही गेली. मधल्या काळात डावा फेंडर कुणीतरी ठोकला, तो पंधरा दिवसांपूर्वी रंगवून घेतलाय. महिन्याभरात पुन्हा जायचंय. प्रश्न असा की सिरॅमिक कोटिंग (पेंटवर चढवायचा कडक पातळ थर) करू, पीपीएफ (पेंट वाचवायला चिकटवायची पारदर्शक फिल्म) लावू, की नुसती टेप मारून जाऊ?

मी रेसर नाही, हे आधीच सांगतो. बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं डेंटिंग-पेंटिंग आणि पॉलिशचं काम आहे, बावीस वर्षं झाली. पट्टीवर दोनतीनदा गेलोय तेही ओळखीच्या पोरांबरोबर, पाण्याची बाटली आणि फडकी घेऊन. शर्यत झाली की दोन दिवसांनी गाडी ज्याच्या दारात येते, तो माणूस मी.

तुम्ही विचारलंय "काय लावू". मला मात्र तुमच्या निरोपात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पेट्रोलचं वाक्य. चमक रबराने घालवलेली नाही. रबर मऊ असतं, त्याने क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, चरे पडत नाहीत. चरे पडले ते रबरात रुतलेल्या वाळूने, आणि ती वाळू पेंटवर फिरवली तुमच्याच हाताने. म्हणजे काय लावायचं हे बघूच, पण चांगल्यातलं चांगलं लावून गेलात आणि परत येऊन तसंच घासलंत तर पुढच्या वेळीही गाडी माझ्याकडे आणावी लागेल. (माझा धंदा होईल म्हणा.)

आता रबर उडतं कुठे ते बघा. नेटवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले, तिथल्या ड्रॅगच्या गाड्या मागच्या चाकावर चालणाऱ्या. त्यात सगळे क्वार्टर पॅनेलला (मागच्या चाकावरचा पत्रा) टेपा मारतात, मागच्या बंपरला फिल्म गुंडाळतात. आपल्याकडची पोरं तेच बघून तेच करतात. तुमची पोलो पुढच्या चाकावर ओढते. तिचं रबर पुढच्या चाकामागे उडणार, म्हणजे फेंडरची मागची कड, दाराचा खालचा हातभर भाग, दाराखालची सिल आणि थोडं मागच्या चाकाच्या कमानीच्या पुढच्या ओठावर. मागचा बंपर तुम्ही कितीही गुंडाळा, तिथे जे दिसेल ती धुराड्याची काजळी असेल.

आणखी एक. साध्या डिफरन्शियलच्या (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारी गिअरची पेटी) गाडीत ज्या चाकाची पकड आधी सुटते ते एकटंच भिंगरीसारखं फिरतं. त्यामुळे ठिपके दोन्ही बाजूंना सारखे नसतात. माझ्याकडे गाडी आली की मी आधी दोन्ही सिलवरून हात फिरवतो. एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खसखस लावल्यासारखी असली की कुठलं चाक घसरलं ते न विचारता कळतं. तुमची कुठली बाजू जास्त भरली होती ते आठवून बघा. संरक्षण तिथे दुप्पट लागेल. चाकं रुंद करून कमानीच्या बाहेर काढली असतील तर हे सगळं हिशेबाबाहेर जातं. मग रबर दाराच्या मधल्या पट्टीपर्यंत चढतं आणि त्याला मडफ्लॅपही पुरत नाही.

आता हे ठिपके म्हणजे नेमकं काय. मला त्यात तीन जाती दिसतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

पहिली जात चुऱ्याची. टायर घसरताना त्याची साल निघते, बारीक वळ्या होतात आणि गरम असताना पेंटवर आपटून चिकटतात. हे खरं टायरचं रबर. टायरचं रबर गंधक घालून शिजवलेलं असतं. चार्ल्स गुडइयरने या कृतीचं अमेरिकेत १८४४ साली पेटंट घेतलं, आणि आजही हायवेवरच्या पंक्चरवाल्याच्या पाटीवर 'व्हल्कनायझिंग' लिहिलेलं असतं ते हेच. एकदा असं शिजलं की रबराचे धागे एकमेकांना कायमचे बांधले जातात. मग ते पेट्रोलमध्ये, रॉकेलमध्ये, कशातच विरघळत नाही. फक्त फुगतं. वाटाणा रात्री भिजत घातला तर सकाळी विरघळलेला नसतो, टम्म फुगलेला असतो, तसं. फुगलं की पेंटवरची पकड सुटते. त्याला लागतो तो वेळ. जोर लावून उपयोग नाही.

दुसरी जात लेपाची. बर्नआउट, म्हणजे गाडी जागेवर ठेवून चाकं फिरवणं, लांबवला, टायर फारच तापला, की वरचं रबर त्या उष्णतेने मोडतं आणि चिकट, डांबरासारखं होतं. हे मात्र सॉल्व्हंटमध्ये बऱ्यापैकी विरघळतं, आणि म्हणूनच घासलं की पसरतं. पांढऱ्या गाडीवर राखाडी ढग दिसतो तो याचा.

तिसरी जात रबर नसतंच, डांबर असतं. बेळगाव-निपाणीकडून लोणावळ्याला जायचं म्हणजे एका बाजूचे चारशे किलोमीटर आले, त्यात वाटेत कुठेतरी रस्त्याचं काम. ताज्या डांबरावरून गाडी गेली की सिलवर ठिपके येणारच. पोरं सगळं शर्यतीच्या खात्यात टाकतात. ओळखायचं सोपं आहे. पांढऱ्या फडक्याच्या टोकाला थोडं टर्पेंटाइन घ्या आणि ठिपक्यावर मिनिटभर नुसतं टेकवा. फडक्यावर चहासारखा तपकिरी डाग पसरला तर डांबर. ठिपका काळाच राहिला आणि नखाने हलका हलायला लागला तर रबर.

काही पट्ट्यांवर पकड वाढवायला चिकट राळेसारखा फवारा मारलेला असतो. तो असला तर चौथी जात झाली. टायर त्यावरून खडेच्या खडे उचलतो. तुम्ही जाल तिथे मारलाय का, ते आयोजकांना विचारा.

आता लावायचं काय.

सगळ्यात आधी मडफ्लॅप. हसू नका. ड्रॅगच्या पोरांना मडफ्लॅप म्हटलं की उसाच्या ट्रॅक्टरची आठवण येते. पण पुढच्या चाकामागे रबरी मडफ्लॅप बसवला की चुऱ्यातला मोठा वाटा तिथेच अडतो. जमिनीपासून तीनचार इंच वर असू द्या, कमानीच्या आत स्क्रूने घट्ट बसवा, नुसत्या क्लिपांवर नको. पट्टीवर तपासणीत हलणारी, लोंबणारी वस्तू दिसली तर काढायला लावतात आणि ते बरोबरच आहे. मोजक्या पैशांत होणारं काम आहे, परत आल्यावर काढून ठेवता येतं.

त्यानंतर मेण. रबराला थेट पेंटवर बसू द्यायचं नाही, मध्ये मेणाचा थर ठेवायचा, जो त्याच्याबरोबर गेला तरी चालेल. जायच्या आदल्या दिवशी गाडी धुवायची, खालच्या भागावर क्ले (घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवून जुनी घाण काढायची, मग कार्नोबाचं साधं मेण पातळ लावायचं, पुसायचं, तीनचार तासांनी दुसरा हात द्यायचा. इतकंच. मेण महागातलं हवं असंही नाही. उद्यमबागेतले जुने फिटर वंगणाच्या कामाला बसण्याआधी साबणाच्या वडीवर नखं ओढतात. नखात साबण भरला की ग्रीस आत शिरत नाही आणि संध्याकाळी हात पाण्याने निघतो. मेणाचं काम तेच.

सिरॅमिक कोटिंगबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, आणि मी ते विकतो तरी सांगतो. कोटिंगचा थर मायक्रॉनभराचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. त्यावर पाणी पळतं, घाण लवकर सुटते, रबरही मेणाच्या तुलनेत कमी चिवटपणे बसतं. पण खडा लागला तर ते अडवत नाही, आणि वाळूचं फडकं फिरवलं तर चरे पडतातच. तुमच्या दारावर आत्ता पेट्रोलने घासलेला मंद पट्टा आहे. त्यावर कोटिंग केलंत तर तो मंदपणा खाली कोंडला जाईल. आधी तो दुरुस्त व्हायला हवा. महिन्यात सगळं घाईने उरकण्यापेक्षा या खेपेला मेणावर जा, कोटिंगचं पावसाळ्यानंतर बघू.

पीपीएफ ही वेगळी गोष्ट. ती खरीखुरी फिल्म असते, पॉलियुरेथेनची, दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाड. तुमचा कंपनीचा अख्खा पेंट, प्रायमर ते क्लिअर, साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन असेल. म्हणजे फिल्म पेंटपेक्षाही जाड. खडे अडवणारं काही असेल तर हेच. पूर्ण गाडीला खर्च लाखाच्या घरात जातो, पण तुम्हाला पूर्ण गाडी कशाला? दोन्ही दारांचा खालचा भाग, सिल आणि मागच्या कमानीचा ओठ एवढंच करा. वर्षात तीनचारदा जाणार असाल तर पैसे वसूल आहेत. एकदाच जाणार असाल तर मी लावायला सांगणार नाही. आणि फिल्मवरही रबर चिकटतंच. ते काढताना सॉल्व्हंट फिल्मच्या कडेला मुरू द्यायचं नाही, नाहीतर खालचा गोंद सुटून कड उचलते.

टेप चालते, पण कुठली आणि किती वेळ यावर सगळं आहे. दुकानात मिळणारी पिवळट मास्किंग टेप उन्हात दिवसभर राहिली की कागद हातात आणि गोंद गाडीवर. निळी, कमी चिकटणारी घ्या. पट्टीवर पोहोचल्यावर गाडी सावलीत थंड करून, पुसून, मग लावा. पट्ट्या पुढून मागे जाताना एकमेकींवर चढवायच्या नाहीत, मागून पुढे यायच्या, कौलं घालतो तशा, म्हणजे वारा जोडात शिरत नाही. शेवटची धाव झाली की तिथेच काढायच्या. टेप मारून निपाणीपर्यंत यायचं नाही.

एक गोष्ट टाळा, ती म्हणजे गुंडाळायची पातळ पॅकिंग फिल्म. एका पोराने आपल्या काळ्या गाडीच्या दोन्ही दारांना ती गुंडाळली होती. पहिल्या धावेत एक टोक सुटलं. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, शेवटाला गाडी ताशी १३०-१४० वर. त्या वाऱ्यात ती फिल्म फडफडत राहिली, खाली अडकलेल्या धुळीसकट. काही सेकंदांचं काम, पण दाराच्या मधोमध ताटाएवढा भाग असा खरवडला की जणू कुणी वॉटर पेपर मारलाय. रबराचा मात्र एक ठिपका नव्हता त्यावर.

आणि तेलकट फवारे. कमानीत, दाराला स्वयंपाकाचं तेल किंवा गंज सोडवायचा फवारा मारला की रबर चिकटत नाही, असं पोरं सांगतात. चिकटत नाही हे खरं आहे. पण ते तेल ओघळून टायरवर येतं, पट्टीवर पडतं, आणि त्यावर मागून दुसऱ्याची गाडी येते. माझ्या दुकानातून कुणाला मी हे करू देणार नाही.

पट्टीवर काय करता यावरही निम्मं अवलंबून आहे. तुमचे टायर साधे रस्त्याचे आहेत असं धरतो. रस्त्याच्या टायरला लांबलचक बर्नआउटचा फायदा नाही. रबर तापून तेलकट होतं, पकड उलट कमी होते आणि दारावर दुसऱ्या जातीचा लेप येतो. दोन सेकंद फिरवून धूळ झटकली की पुरे. बर्नआउटसाठी पाणी टाकलेली जागा असेल तर खाचा असलेल्या टायरने तिला वळसा घालून जा. खाचांत पाणी भरतं, कमानीत उडतं आणि नेमकं सुरुवातीच्या रेषेवर ठिबकतं. ड्रॅगचे खास चिकट टायर लावून जाणार असाल तर गणित बदलतं, त्यांना तापवावं लागतं आणि रबरही खूप जास्त उडतं. मग वर सांगितलेलं सगळं दुपटीने धरा.

लोकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे परतीचा रस्ता. धाव संपली, गाडी हळू झाली, आता काय होतंय असं वाटतं. पण टायर त्या वेळी सगळ्यात गरम आणि चिकट असतो. तो कडेची खडी, वाळू, दुसऱ्यांच्या टायरच्या वळ्या सगळं गोळा करतो. मग तुम्ही मित्रांकडे यायच्या घाईत ऐंशीने गाडी पळवता आणि ते सगळं सुटून कमानीत, दारावर ताडताड बसतं. सिलवर खड्याचे टवके घेऊन आलेल्या गाडीवाल्यांना मी विचारतो, त्यातले बरेच सांगतात की आवाज परत येताना आला. परत येताना वीसच्या आत या. पट्टीच्या मधल्या काळ्या पट्ट्यातून बाहेर कडेला जाऊ नका, खडी तिथेच साठते.

दोन धावांच्या मध्ये दार पुसू नका. गाडी गरम, रबर अर्धवट चिकटलेलं, वर धूळ, त्यात फडकं म्हणजे रबिंगच, पेंट घासून काढणं. आमच्या भागात बैलगाडी शर्यती बघितल्या असतील. बैल पळून आला की गडी हात फिरवायच्या आधी पाणी मारतो. गाडीलाही तेच. फवाऱ्याच्या बाटलीतलं पाणी मारून धूळ खाली वाहू द्या, बाकी राहू द्या.

आता काढायचं कसं, ते नीट सांगतो, कारण तुमचं चुकलं ते इथे.

उशीर करायचा नाही. रबर ताजं असताना सुटतं. चारशे किलोमीटर उन्हात भाजून, मग आठवडाभर घराच्या अंगणात उभं करून काढायला गेलात तर तेच काम तिप्पट होतं. पांढऱ्या गाडीला आणखी एक त्रास. टायर उन्हाने आणि हवेने तडकू नये म्हणून त्यात जी रसायनं घालतात ती हळूहळू रबरातून बाहेर येत राहतात, जुन्या टायरची बाजू तपकिरी पडते ती त्यामुळेच. ठिपका फार दिवस राहिला तर तो निघाल्यावरही खाली पिवळट-तपकिरी सावली राहते. त्या संध्याकाळीच मुक्काम असेल तिथे काढा, नाहीतर घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी.

गाडी सावलीत, पत्रा हाताला गार. आधी भरपूर पाणी, दाबाने असलं तर उत्तम. मग शाम्पूचा फेस मारून पाच मिनिटं, पुन्हा पाणी. अजून हात लावायचा नाही. आपल्याकडे खानापूरकडची तांबडी माती इतकी बारीक असते की दिसत नाही, पण बोटांत चोळली तर कळते. ती आधी वाहून जायला हवी.

मग टर्पेंटाइन. रंगाच्या दुकानात एमटीओ म्हणून मिळतं ते, ऑइल पेंट पातळ करायला वापरतात. डांबर काढायचं तयार रिमूव्हर घेतलंत तर आणखी बरं. जुन्या, स्वच्छ, मऊ सुती कापडाच्या वीतभर पट्ट्या करा. पट्टी भिजवून पिळायची आणि ठिपक्यांवर नुसती अंथरायची, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो तशी. पाच मिनिटं. वाळायला लागली तर वरून पुन्हा थोडं शिंपडा. मग पट्टीचं एक टोक उचलून बघा. काळे दाणे मघाशी खसखशीएवढे होते ते तिळाएवढे दिसतात, कडा सुटलेल्या. पट्टी अलगद एकाच दिशेने ओढली की बरेचसे तिच्याबरोबर येतात. राहिले ते दुसऱ्या स्वच्छ पट्टीने, पुन्हा पाच मिनिटं. गोल घासायचं नाही. जी बाजू काळी झाली ती परत पेंटला लावायची नाही. एका दाराला मला सात-आठ पट्ट्या लागतात आणि पाऊण तास. काम कंटाळवाणं आहे, चहा घेत करण्यासारखं.

टर्पेंटाइन टायरवर आणि ब्रेकच्या डिस्कवर सांडू देऊ नका, चाकावर आधी एक जुनं पोतं टाका. शेवटी तो भाग शाम्पूने दोनदा धुवा, तेलकट थर राहता कामा नये. कमानीच्या आतल्या प्लास्टिक लायनरवर रबर शेवयांसारखं लोंबत असतं, ते थंड झाल्यावर हातानेच ओढून निघतं. ते काढलं नाही तर पुढचे आठ दिवस थोडं थोडं दारावर येत राहतं आणि तुम्हाला वाटतं आपण नीट काढलं नव्हतं. शेवटचं पाणी बोअरचं नको, क्षाराचे डाग पडतात. मी नळाला राकसकोप जलाशयाचं पाणी येतं तेव्हा दोन पिंपं त्यासाठीच भरून ठेवतो.

पेट्रोल का नको? ते पाच मिनिटं टिकतच नाही, उडून जातं. रबर फुगायला वेळ मिळत नाही, म्हणून माणूस जोर लावतो. शिवाय गरम सायलेन्सरजवळ पेट्रोलचं फडकं घेऊन बसायचं हे मला बघवत नाही. थिनर तर नकोच. हे मी स्वतःच्या चुकीने शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाच्या फेंडरवरचं डांबर मी एनसी (नायट्रोसेल्युलोज पेंटच्या) थिनरने पुसलं. कंपनीचा पेंट समजलो होतो. तो कुणीतरी आधी त्याच थिनरमध्ये विरघळणाऱ्या एनसी पेंटने रंगवलेला निघाला. दुसऱ्या हाताला फडक्यावर लाल रंग आला आणि खालचं राखाडी प्रायमर दिसायला लागलं. तो फेंडर मी माझ्या खर्चाने रंगवून दिला, आणि तेव्हापासून सॉल्व्हंट कुठलंही असो, आधी दाराच्या आतल्या कडेला थेंब लावून बघतो.

यावरून तुमच्या डाव्या फेंडरवर येतो. पंधरा दिवसांचा पेंट. तो कसा वाळवलाय यावर सगळं आहे. भट्टीत तापवून काढला असेल तर बराच कडक झाला असेल. आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजांत टू-के पेंट (हार्डनर मिसळून मारायचा) मारून गाडी शेडमध्ये किंवा उन्हात ठेवतात, तसा असेल तर आतलं थिनर अजून बाहेर पडतंय. अशा पेंटवर अजून महिनाभर तरी मेण नको, कोटिंग नको, पीपीएफ तर नकोच, आणि टेप मारलीत तर काढताना तिच्याबरोबर क्लिअरची साल येऊ शकते. म्हणजे त्या फेंडरला या खेपेला मडफ्लॅप एवढंच संरक्षण. तिथे रबर आलंच तर टर्पेंटाइनची पट्टी दोन मिनिटांच्या वर ठेवू नका. गॅरेजवाल्याला फोन करून विचारा, कुठला पेंट आणि कसा वाळवला. प्रामाणिक माणूस असेल तर सांगेल.

दारावरचा मंद पट्टा पॉलिशने निघेल असं मला वाटतं, पण बघितल्याशिवाय शब्द देत नाही. क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो आणि मशीनने कंपाउंड मारलं की दोनतीन मायक्रॉन जातात. एकदोनदा चालतं. याआधी कुणी रबिंग करून ठेवलं असेल तर शिल्लक किती आहे ते मीटर लावूनच कळतं. घरी रबिंगची डबी आणून हाताने सुरू करू नका. दाराची खालची घडी, जिथे पत्रा वळतो, तिथे पेंट सगळ्यात पातळ असतो आणि तिथेच तुमचं बोट जास्त दाबणार.

तर तुमच्या गाडीपुरतं माझं म्हणणं: जायच्या आधी दाराचं पॉलिश, दोन हात मेण (डावा फेंडर सोडून), दोन मडफ्लॅप, सिलवर आणि दाराच्या तळाला निळी टेप. आणखी दोनदा जायचा बेत पक्का झाला तर अर्धं पीपीएफ. कोटिंग आत्ता नाही.

आणि मडफ्लॅप बसवल्यावर रबर किती अडतं हे बघायला बायपासवर चाकं फिरवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सार्वजनिक रस्त्यावरची शर्यत हा गुन्हा आहे, पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे त्या रस्त्यावर पहाटे दूधवाले असतात.

पॉलिशला गाडी आणणार असाल तर सकाळी लवकर आणा, पत्रा गार असतो. आणि शर्यतीहून परत येताना थेट माझ्याकडे येणार असाल तर वाटेत कुठल्या वॉशिंग सेंटरला थांबू नका. आहे तशीच आणा. डाव्या सिलवर जास्त आहे की उजव्या, एवढं मला आधी बघू द्या.